पेकनच्या झाडाखालची पंगत

“गर्दीचं माझ्यावर सोडा, मॅडम. तुम्ही फक्त स्टेडियमचं कुलूप काढा.”

हॉलिस टिडवेल असं म्हणाला तेव्हा त्याच्या बायकोनं, मेबेथनं, टेबलाखालून त्याच्या पायावर चांगला दाबून पाय दिला. पण एकदा बोलायला लागला की आपल्याला पाय आहेत हे हॉलिसला आठवत नाही. समोर बसल्या होत्या बेल्स फेरी विद्यापीठाच्या अध्यक्षा, प्रुइट मॅडम. चार वर्षांपूर्वी ‘परवडत नाही’ एवढ्या दोन शब्दांत विद्यापीठानं अमेरिकन फुटबॉलचा संघ बंद करून टाकला होता. आमच्या अलाबामात लग्नाचा मुहूर्तसुद्धा फुटबॉलचं वेळापत्रक बघून काढतात, आणि इथं या लोकांनी वेळापत्रकच फाडलं! गाव नुसतं सैरभैर झालं. शनिवार उजाडला की माणसं गवत कापायची, कापलेलं पुन्हा कापायची.

मॅडम वाईट नव्हत्या, फक्त हिशोबी होत्या. म्हणाल्या, ऑक्टोबरात एक सामना खेळवून बघू. कॉलेजातली हौशी पोरं खेळतील, शेजारच्या गावचा संघ बोलावू. मध्यंतर संपेपर्यंत निम्मं स्टेडियम भरलेलं दिसलं, तर संघ परत सुरू करा म्हणून मी स्वतः विश्वस्तांपुढे उभी राहीन. नाही दिसलं, तर हा विषय संपला, आणि स्टेडियमबाहेरच्या आवारात मोटारी लावायची तीन मजली इमारत उठेल.

“त्या पेकनच्या झाडाचं काय?” हॉलिसनं विचारलं.

“झाडावर इमारत बांधता येत नाही, टिडवेल.”

आता खरं सांगायचं तर हॉलिसचा जीव फुटबॉलमध्ये नव्हताच. त्याचा जीव त्या झाडाखाली होता. सामन्याच्या दिवशी सकाळपासून त्या आवारात गाड्या लागायच्या, तंबू ठोकले जायचे, भट्ट्या पेटायच्या आणि अख्खं गाव जेवायला जमायचं. पेकन म्हणजे आक्रोडाचंच भावंड, त्याच्याखालची जागा टिडवेलांची. बापानं धरून ठेवलेली, आणि बापामागं दोघा भावांची, हॉलिसची आणि धाकट्या व्हर्जिलची. बापाची चाकांवरची लोखंडी भट्टी तिथं उभी राहायची. बाकी घर, शेत, होडी, सगळ्याच्या वाटण्या झाल्या, पण झाडाखालची जागा कोण कशी वाटणार?

वाटण्या झाल्या त्या पांढऱ्या सॉसमुळे. बापाच्या अंत्यविधीनंतरच्या जेवणात व्हर्जिलनं बापाच्याच पद्धतीनं धुरावर शिजवलेल्या डुकराच्या मटणावर पांढरा सॉस ओतला. मेयोनेज आणि व्हिनेगरचा तो सॉस कोंबडीवर घालतात, शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. डुकरावर? आणि बाप जमिनीत जाऊन तास नाही झाला तोवर? हॉलिसनं ताटलीला हातसुद्धा लावला नाही, उठून चालू लागला. तेव्हापासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलायचे ते फक्त सामन्याच्या शनिवारी, आणि तेही भट्टीपुरतं. लाकूड घाल. झाकण उघडू नको. हवा सोड जरा. एवढंच. पण एवढं तरी होतं. फुटबॉल बंद झाला, आवाराला साखळी लागली आणि तेही गेलं. चार वर्षं! एकाच गावात राहून चार वर्षं दोघं दुकानात समोरासमोर आले की डब्यांवरची लेबलं वाचत उभे राहायचे.

म्हणून मग हॉलिस कामाला लागला. सगळ्या चर्चमधून त्यानं निरोप फिरवले, न्हाव्याच्या दुकानात ठाण मांडलं, गावच्या रेडिओवर जाऊन बोलला. सामन्याचं नाव तो शेवटी घ्यायचा, आधी जेवणाचं सांगायचा. मटण मिळेल, मक्याचा कॉर्नब्रेड मिळेल, गोडाला पीच कॉबलर मिळेल, हां, आणि फुटबॉलसुद्धा आहे. मेबेथ म्हणाली, अरे, तू लग्नाचं आमंत्रण देतोयस की सामन्याचं? तो म्हणाला, माणूस पोटामागं येतो, तू बघच.

सगळ्यांना निरोप गेले, व्हर्जिल तेवढा राहिला. हॉलिसनं मेबेथला जाऊन यायला सांगितलं. तिनं साफ नकार दिला. शेवटी हा त्याच्या कुंपणापाशी जाऊन उभा राहिला. व्हर्जिल गवत कापायचं यंत्र उलटं करून बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

“शनिवारी आवार उघडतायत,” हॉलिस म्हणाला.

व्हर्जिलनं पान्यानं एक नट आवळला.

“धुराला हिकरीचं लाकूड कुणाकडे आहे?” व्हर्जिलनं यंत्राला विचारलं.

“माझ्याकडे.”

“ओलं असणार.”

हॉलिस घरी आला तो शीळ घालतच. मेबेथला म्हणाला, येतोय!

शनिवारी सकाळी साखळी निघाली आणि जे गाव लोटलं, ते काय सांगू तुम्हाला! आवार भरलं, रस्ता भरला, बँकेपुढची हिरवळ भरली. पण चार वर्षं शनिवार घरी काढल्यामुळे लोकांना वेगळीच सवय लागली होती. घरी कसं, सोफ्यावर रेलायचं आणि मोठ्या टीव्हीवर दुसऱ्यांचे सामने बघायचे. तर लोक येताना दिवाणखानाच उचलून घेऊन आले. सोफे आले, आरामखुर्च्या आल्या, विजेचे जनरेटर आले, भिंतीएवढे टीव्ही आले. एका म्हातारीनं तर गालिचाही अंथरला. हॉलिस भट्टीपाशी उभा राहून हे सगळं बघत होता आणि फुगत होता. पलीकडून व्हर्जिल म्हणाला, लाकूड ओलंच आहे. हॉलिसला इतकं बरं वाटलं की तो भांडलासुद्धा नाही.

आतून ढोल वाजले. सामना सुरू झाला. बाहेर एकही माणूस जागचा हलला नाही.

हॉलिसला वाटलं, उठतील आता. कॉर्नब्रेडचा नवा घाणा आला आणि रांग आणखी वाढली. त्यानं चार तंबूंत जाऊन सांगून पाहिलं. सगळे कसे अगदी प्रेमानं म्हणायचे, हो हो, एवढी ताटली संपवतो आणि निघतोच. ताटली संपायची आणि दुसरी भरायची. मग त्याचं लक्ष टीव्हीकडे गेलं. विद्यापीठानं हौसेनं सामना इंटरनेटवर दाखवायची सोय केली होती. सगळं गाव स्टेडियमच्या भिंतीला पाठ लावून, आतला सामना बाहेर टीव्हीवर बघत होतं.

तो धावत गेटकडे निघाला. गेटावर मेबेथ होती. गेट राखायला प्रुइट मॅडमनी अख्ख्या गावातून हिलाच निवडलं होतं, कारण ही कुणाची भीड धरत नाही.

“तिकडे कुठं चाललास? तो मुतारीचा रस्ता आहे,” ती म्हणाली. “आत जायचं इकडून.”

आणि इथं एक गोष्ट सांगून टाकतो, जी तोवर फक्त मेबेथला आणि व्हर्जिलला ठाऊक होती. हॉलिस टिडवेल आयुष्यात कधी स्टेडियमच्या आत गेला नव्हता. दर मोसमाचं तिकीट काढायचा, टोपीला खोचायचा आणि भट्टी राखत बसायचा. फुटबॉल वाचवायला निघालेल्या या शूर गड्याला चेंडू लांबट का असतो हेही सांगता आलं नसतं.

आत जाऊन बघतो तर काय, एवढं थोरलं स्टेडियम आणि त्यात माणसं म्हणजे बँडवाल्या पोरांच्या आया आणि मधोमध सुटाबुटातले विश्वस्त. सगळे लग्नाची तारीख चुकून आल्यासारखे बसलेले. आमच्या पोरांनी काहीतरी बरं केलं असावं, कारण आया टाळ्या वाजवायला लागल्या. मग सगळं शांत झालं. आणि दोन क्षणांनी भिंतीपलीकडून हजारो घशांची आरोळी उठली, कारण बाहेरच्या टीव्हीवर ते आत्ता दिसलं होतं! प्रुइट मॅडमनी आधी आकाशाकडे पाहिलं, मग हॉलिसकडे.

तो तसाच बाहेर पळाला. जनरेटरांची बटणं पटापट बंद करत सुटला. टीव्ही काळे पडले. लोक ओरडतील, उठतील, आत जातील, असा त्याचा हिशोब होता. लोकांनी खिशातून फोन काढले आणि तिथंच बघायला लागले. काहींना मात्र खरंच लाज वाटली. ती मंडळी ताटल्या घेऊन गेटापर्यंत गेली आणि तशीच परत आली. मेबेथनं अडवलं होतं. आत खायचं न्यायचं नाही.

“अगं बाई, आज तरी!” हॉलिसनं हात जोडले.

“हातात खायचं घेऊन कुणी आत जायचं नाही. नियम आहे. मॅडमनी सही करून दिलाय.”

“ताटल्या ठेवून कोण येणार आत?”

“ते तू बोलावताना बघायचं होतंस.”

मध्यंतर झालं. बँड वाजायला लागला. हॉलिस झाडाखाली आला आणि एका पेटाऱ्यावर मटकन बसला. बुंध्याकडे बघत राहिला. त्याला म्हणे डोळ्यांपुढे ती तीन मजली इमारत दिसायला लागली होती. व्हर्जिल भट्टीचं झाकण लावून जवळ आला. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा तो लाकूड-हवा सोडून काही बोलला.

“हॉलिस, ही माणसं ना तुझं ऐकत, ना माझं. ती वासाचं ऐकतात. वास आत गेला की तीही आत जातील.”

“मेबेथ सोडणार नाही.”

“विचारून तर बघू.”

व्हर्जिलनं आपला ट्रक मागं घेतला आणि बापाची भट्टी त्याला जोडली. धगधगती, आत अख्खं मटण, धुराडं भकाभका धूर सोडतंय, अशी ती निघाली. हॉलिस पुढं चालत होता, मान खाली घालून. मेबेथनं ट्रककडे पाहिलं, भट्टीकडे पाहिलं, मग दोघा भावांकडे, एकाच कामाला लागलेल्या. तिनं खिशातून नियमांचा कागद काढून सावकाश वाचला.

“हातात न्यायचं नाही असं लिहिलंय,” ती म्हणाली. “चाकांवरचं काही लिहिलेलं नाही.”

आणि तिनं बँडसाठी असतो तो मोठा दरवाजा उघडला.

मागं वळून पाहिलं तर आवार उठलं होतं! आधी रांगेतले निघाले, कारण त्यांची रांगच आत चालली होती. मग त्यांच्यामागं बाकीचे. मेबेथ बिचारी ताटल्या अडवत राहिली, तर लोकांनी ताटल्या सोफ्यांवर ठेवल्या आणि सोफे उचलून आत नेले. सोफ्यांबद्दलही काही लिहिलेलं नव्हतं. म्हातारी गालिच्यासकट आली. मध्यंतर संपल्याचा भोंगा वाजला तेव्हा निम्मं काय, जवळजवळ सगळं स्टेडियम भरलं होतं, आणि प्रुइट मॅडम उभ्या राहून विश्वस्तांना बोटानं काहीतरी दाखवत होत्या.

मग वारा फिरला.

लाकूड ओलं होतं, हे व्हर्जिलचं म्हणणं खरं निघालं. सगळा धूर मैदानावर उतरला. गुणफलक दिसेना, खेळाडू दिसेनात. पंच शिट्टी वाजवत होता, पण तो कुठं आहे हे पंचालाही सांगता येईना. पाहुण्या संघाचे तीन गडी हेल्मेटसकट मटणाच्या रांगेत सापडले. उत्तरार्धात काय झालं ते आजतागायत कुणालाच माहीत नाही. आम्ही म्हणतो आम्ही जिंकलो, शेजारचं गाव म्हणतं ते जिंकले. पण तो शनिवार मात्र झकास गेला.

विश्वस्तांनी ठराव केला, संघ परत आला, झाड वाचलं. प्रुइट मॅडमनी भर सभेत सांगितलं की हे सगळं एका माणसाच्या फुटबॉलप्रेमामुळे झालं, आणि त्या प्रेमाचा मान म्हणून हॉलिस टिडवेल यांना आमच्या शेजारची पुढच्या रांगेतली खुर्ची कायमची देण्यात येत आहे. दर सामन्याला. पहिल्या भोंग्यापासून शेवटच्या भोंग्यापर्यंत. टाळ्यांचा कडकडाट झाला. हॉलिसचा चेहरा असा झाला, जणू त्याला शिक्षाच ठोठावली होती. व्हर्जिल मागं बसून खांदे हलवून हसत होता.

पुढच्या मोसमात पहिला सामना आला. सकाळी दोघं भाऊ पेकनखाली लाकडावरून मनसोक्त भांडले. ढोल वाजले. हॉलिस उठेना.

“जा तू,” व्हर्जिल म्हणाला. “भट्टीकडे मी बघतो.”

हॉलिस जाऊन बसला. वासावरून सगळं कळत होतं त्याला, कोणतं झाकण उघडलं, कशावर काय घातलं. फक्त समोर चाललेलं कळत नव्हतं. मध्यंतराच्या जरा आधी मेबेथ रुमालाखाली काहीतरी झाकून घेऊन आली. नियमाचं काय, असं त्यानं डोळ्यांनीच विचारलं. ती म्हणाली, नियम गेटावर आहे, मी इथं आहे. व्हर्जिलनं पाठवलंय.

रुमाल काढला. धुरावर शिजलेलं डुकराचं मटण, बापाच्या पद्धतीचं, आणि त्यावर पांढरा सॉस.

अंत्यविधीच्या दिवशी ज्याला त्यानं हात लावला नव्हता, तेच. हॉलिसनं इकडेतिकडे पाहिलं आणि एक घास घेतला. मग दुसरा. मग ताटली मांडीवर घेऊन सगळं संपवलं, बोट फिरवून चाटलं, आणि त्याचे डोळे भरून आले.

“मॅडम,” तो प्रुइट मॅडमना हळूच म्हणाला, “माझा भाऊ भेटला तर सांगू नका. पण हे चांगलं लागतं.”

एवढ्यात मैदानापलीकडच्या प्रेक्षकांतून मोठी आरोळी उठली. हॉलिसला राहवेना. तो ताडकन उभा राहिला, ओल्या डोळ्यांनी, दोन्ही हात वर करून, सगळ्या स्टेडियमला ऐकू जातील अशा टाळ्या वाजवायला लागला. एकटाच.

प्रुइट मॅडमनी त्याची बाही ओढली.

“बसा, टिडवेल. ते गुण पाहुण्यांचे होते.”