वापर: निरंक

लोखंड गंजतं हे त्रिकालाबाधित सत्य आहे. पण निवृत्त होईपर्यंत ते कोणत्याही पुरुषाच्या लक्षात येत नाही. मिशिगनच्या उत्तर टोकाला, आमच्या फिनिश लोकांच्या गावात खाण चालू होती तेव्हा हत्यारांना गंजायला सवडच नसे. आता सवड भरपूर, म्हणून 'जुनी हत्यारे गंजमुक्ती मंडळ' आहे. सभासद एकोणीस, सर्व पुरुष. (कॉफी आणि वेलचीचा पाव मी पुरवते, घटनेत माझी नोंद 'इतर साहित्य' अशी आहे.)

माझं काम साधं होतं. अंगणातल्या सौनाचं, म्हणजे वाफेच्या खोलीचं, दार फुगलं होतं. लागेना. वाफ बाहेर आणि मी आत कुडकुडत. माझा नवरा तोइवो दर पानगळीत त्या दारावर रंध्याचे चार हात मारायचा. तो गेला, रंधा गंजला. सत्तर वर्षांत माझी शनिवारची सौना चुकली नव्हती. (थोरला तर तिथंच जन्मला.) मी रंधा मंडळात जमा केला.

मंडळाची कार्यपद्धती आदर्श आहे. आधी गंजावर चर्चा, तीन बैठका. मग व्हिनेगरमध्ये भिजवायचं की सोड्याच्या पाण्यात वीज सोडायची, यावर मतदान. (दोन्ही गट चर्चमध्येही वेगळ्या बाकांवर बसतात.) मग बादली, तारेचा ब्रश, तेल, पुन्हा चर्चा. तोवर मी सव्वीस शनिवार सौनाऐवजी न्हाणीघरातल्या टबात बसून काढले.

मार्चमध्ये रंधा मखमलीवर ठेवून परत आला. पात्यात माझ्या सुरकुत्या मोजता येत होत्या.

"चला, आता दार," मी म्हटलं.

अध्यक्ष रेनो दचकला. "आयली, वेड लागलंय का तुला? ओल्या लाकडाला लावलास तर पुन्हा गंजेल तो!"

"रेनो, रंधा आहे तो."

"होता. आता नमुना आहे. तोइवोला केवढं कौतुक वाटलं असतं!"

"तोइवोनं तो तुझ्या टकलावरून फिरवला असता."

वार्षिक अहवालही त्याच दिवशी वाचला गेला. गंजमुक्त हत्यारे: १,१३८. वापर: निरंक. टाळ्या.

मी नमुना पिशवीत घातला, घरी आले आणि दारावर चार हात मारले. पाचवा स्वतःच्या समाधानासाठी. पायाशी लाकडाची कुरळी सालं पडली, तोइवोच्या वेळी पडायची तशीच. दार लागलं.

शनिवारी सौनाच्या धुराड्यातून धूर दिसताच सात सभासद टॉवेल घेऊन हजर. सगळ्यात वरची, गरम फळी अध्यक्षांनी घेतली.

"दार काय झकास लागतंय गं!" रेनो म्हणाला. डोक्यावरच्या खुंटीला, वाफेत, रंधा टांगलेला होता. सकाळपर्यंत तो नारिंगी झाला. मंडळानं आणीबाणीची बैठक बोलावली आहे.

हसणाऱ्या वाचकांसाठी सभासदत्वाचा अर्ज सोबत जोडत आहे. पाहुण्यांसाठी राखलेल्या, दरवर्षी पुसून परत कपाटात जाणाऱ्या कपबश्या किती? त्यातून तुम्ही स्वतः चहा शेवटचा कधी प्यालात? रकाना रिकामा सोडू नये. 'निरंक' लिहिणाऱ्यांना प्रवेश तत्काळ.