दहा वाजून दहा मिनिटं

पावती. जिन्नस: दुकानाची वेबसाइट. तक्रार: उघडली की लाल पाटी. मुदत: शुक्रवार, संध्याकाळी पाच.

घड्याळजी सासऱ्यांनी दुरुस्तीच्या पावतीवर हे लिहून जावयाला फोटो पाठवला. दुकान बंद करायचं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. लेकीने हातापाया पडून कबूल करून घेतलं होतं, की नवऱ्याने बनवलेली वेबसाइट चालली तर दुकान राहील. नाहीतर शुक्रवारी पाचला चावी जागामालकाच्या हातात.

पहिलं प्रमाणपत्र. गिऱ्हाईक आणि सर्व्हर यांचं बोलणं तिसऱ्याच्या कानावर जाऊ नये म्हणून हे लागतं. जावयाने सोमवारी घरबसल्या बसवलं. बायकोच्या फोनवर झकास. सासऱ्यांच्या संगणकावर मात्र 'सुरक्षित नाही'.

दुसरं. प्रमाणपत्र देणाऱ्यापर्यंतच्या साखळीतला मधला दुवा राहिला असेल म्हणून तो जोडला. लाल.

तिसरं. लाल.

चौथ्याबद्दल न बोललेलं बरं.

पाचवं बसवताना त्याने फोनवर विचारलं, पाटीवर खाली आणखी काही लिहिलंय का. सासऱ्यांनी आधी चष्मा पुसला. मग घुश्शात म्हणाले, "विशेष काही नाही."

शुक्रवारी दुपारी जावयाचं डोकं फिरलं. आधीचं सगळं त्याने मुळासकट पुसून टाकलं आणि सहावं मागितलं. उत्तर आलं: एका नावाला आठवड्यात पाचच, पुढचं सोमवारी. आता बायकोच्या फोनवरही लाल. तोंड लपवायला जागा नव्हती, म्हणून तो दुकानात गेला.

संगणक काचेच्या कपाटात, विकायच्या घड्याळांच्या रांगेत ठेवलेला होता. सगळ्या घड्याळांत दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. संगणकातही.

"बाबा, आज सतरा तारीख. यात एक कशी?"

सासऱ्यांनी सांगितलं, की काचेमागच्या मालाला दहा-दहा आणि तारीख एक, हा धंद्याचा रिवाज. फडकं मारलं की दर वेळी ते सगळ्यांना लावतात, आणि आताच मारलं होतं.

"पण हा विकायचा नाहीये."

"काचेमागे आहे ना?"

सोमवारी, म्हणजे तेराला, जन्मलेलं प्रमाणपत्र एक तारखेला कोण खरं मानणार? जावयाने स्टूल पुढे ओढलं. पाटीवर खाली नक्की काय होतं, ते त्याने पुन्हा विचारलं.

सासऱ्यांनी मान फिरवली. "तुमचं घड्याळ मागे आहे, म्हणे. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं लावली मी. हे काय चारचौघांत सांगायचं, जावईबापू?"

तरीही त्यांनी मनगटावर बघून, सेकंदाला सेकंद जुळवून, संगणकाची वेळ बरोबर केली. तारीख सतरा. वेबसाइट उघडली.

लाल.

आठवड्यात पहिल्यांदाच सासऱ्यांचा चेहरा खुलला. "बघा. घड्याळाचा दोष नव्हताच."

चालणारं प्रमाणपत्र दुपारी आपणच पुसलं, हे जावयाने गिळलं.

पाचला जागामालक आला. सासऱ्यांनी त्याला चष्म्यावरून बघत सांगितलं, की चावी आज मिळायची नाही, दुरुस्तीला जिन्नस आलाय आणि घेतलेलं काम अर्धवट टाकून त्यांनी कधी कुलूप लावलेलं नाही. मग नवी पावती फाडली.

जिन्नस: वेबसाइट. दोष: घड्याळाचा नाही. कारागीर: जावई. मिळेल: सोमवारी.

जावयाने मुकाट्याने सही केली. सासऱ्यांनी संगणकावर फडकं मारलं आणि सवयीने दहा-दहा लावले.