सासूबाईंची पिल्लं, जशीच्या तशी

टिकटिकरावांच्या हातून कुठलीच वस्तू बिघडत नाही, असं बाजारात कोणीही सांगेल. कोणी नाही सांगितलं तर ते स्वतः सांगतात. धंदा घड्याळदुरुस्तीचा. आलेली वस्तू जशी आली तशी परत गेली पाहिजे, हा त्यांचा बाणा. काचेवर जुना ओरखडा असला, तर तोही ते जपून परत देतात!

त्यामुळे मेव्हणीला जुळं झालं आणि बायको न् सासूबाई दोघीही तिकडे निघाल्या, तेव्हा सासूबाईंची नुकतीच अंड्यातून बाहेर आलेली कोंबडीची सात पिल्लं सांभाळायचं काम त्यांनी छाती पुढे काढून घेतलं. आता खरं सांगायचं तर पोटात हेतू वेगळा होता. अंगणाकडची उजेडाची खोली सासूबाईंची. टिकटिकराव बिचारे जिन्याखाली वाकून, डोळे फोडत काम करायचे. त्या खोलीवर त्यांचा कित्येक वर्षं डोळा होता, पण मागायची छाती नव्हती. पिल्लं नीट सांभाळा, आल्यावर खोलीचं बघू, असं या वेळी सासूबाईच आपणहून म्हणाल्या.

"काळजीच सोडा," टिकटिकराव म्हणाले. "ठेवून चाललात तशीच ताब्यात देईन. तसूभर फरक नाही."

सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं, लेकीने छताकडे. पण गाडी दारात उभी होती.

सुरुवातीचे दिवस मोठ्या सुखाचे गेले. पिल्लं पिवळीधमक, मऊ, ओंजळीत मावणारी. सासूबाईंनी दाखवल्याप्रमाणे दाण्याच्या डब्याच्या झाकणावर खिळ्याने टकटक केलं की सगळी पळत यायची आणि टिकटिकरावांच्या बुटांवर चढून बसायची. आपण उगाच घड्याळांत जन्म घालवला, असं त्यांना वाटायला लागलं.

मग एका सकाळी एका पिल्लाच्या पंखातून काहीतरी बाहेर आलेलं दिसलं. स्प्रिंग सुटली की काय! डोळ्याला भिंग लावून बघतात तर कडक पीस. आज एकाला, उद्या दुसऱ्याला, बघता बघता साथच पसरली. मऊ लव झडली, माना उघड्या पडल्या, पाय लांबले. आवाज तर असा फाटला की दाराची बिजागरी करकरतेय असं समजून टिकटिकराव दोनदा तेल घालून आले. त्यांनी पाणी उकळून दिलं, दाणा बदलला, दिव्याची ऊब वाढवली. पण जितकं खायला घालावं तितकं दुखणं जोरात! खोली हातची चालली होती.

अशात सासूबाईंचा फोन आला. पिल्लं कशी आहेत, त्यांनी विचारलं.

"अगदी होती तशी."

सासूबाई सावध झाल्या. "तशी म्हणजे?" पण तेवढ्यात जुळ्यांपैकी एकाने भोकाड पसरलं, दुसऱ्याने साथ दिली, आणि फोन ठेवला गेला.

शेवटी त्यांनी कुंपणापलीकडच्या सलूनवाल्याला बोलावलं. केसगळतीच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. त्याने एक पिल्लू उचललं, मानेवर फुंकर मारली, डोकं डावीउजवीकडे वळवून पाहिलं आणि मोठा सुस्कारा सोडला. प्रकरण हाताबाहेर गेलंय, म्हणाला. तरी शेजारधर्म म्हणून माझ्याकडे ठेवून बघतो, जगली तर जगली. टिकटिकरावांना गहिवरून आलं. त्यांनी पिल्लं दिली, खुराडं दिलं, वर दाण्याचं अख्खं पोतंही दिलं.

दीडेक महिन्याने सासूबाई निघाल्याचा फोन आला, त्याच दुपारी बाजारात जाऊन त्यांनी निवडून निवडून सात पिल्लं आणली. गोल, पिवळी, लवदार. तीच चिवचिव! त्यांचा जीव भांड्यात पडला.

सासूबाई परत आल्या त्या पाणीही न पिता अंगणात गेल्या. टिकटिकराव कौतुकाची वाट बघत शेजारी उभे. सासूबाईंनी एक पिल्लू उचलून तळहातावर तोललं.

"जावईबापू, यांना खायला घालत होतात की नुसतं दाखवत होतात?"

"का? काय झालं?"

"अहो, मी गेले तेव्हाही एवढीच होती."

"तेच तर म्हणतोय मी."

बायकोने तोंडावर हात धरला. सासूबाईंनी दाण्याच्या डब्याचं झाकण घेतलं आणि त्यावर खिळ्याने टकटक केलं. नवी पिल्लं घाबरून कोपऱ्यात दडली. कुंपणापलीकडे मात्र एकच कालवा उठला! तकतकीत पिसांच्या सात उफाड्याच्या तलंगा, म्हणजे वयात आलेल्या कोंबड्याच, फडफड करत कुंपणावरून आल्या आणि थेट टिकटिकरावांच्या बुटांवर चढायला लागल्या. बूट पुरेनात. मागोमाग हातात कंगवा घेऊन सलूनवाला आला, नजर भलतीकडेच.

"गुण आला वाटतं औषधाला," तो म्हणाला.

सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की उरलेलं पोतं तो न सांगता घेऊन आला. टिकटिकरावांनी खाली मान घालून झडलेल्या लवेपासून सगळं सांगून टाकलं. त्यांना फार वाईट वाटत होतं. खोलीवर तर त्यांनी मनातल्या मनात पाणीच सोडलं होतं.

"खोली हवी होती ना?" सासूबाई म्हणाल्या. "घ्या."

टिकटिकरावांचा कानांवर विश्वास बसेना. तासाभरात ते टेबल, हत्यारं, दुरुस्तीची घड्याळं घेऊन खोलीत हजर! बघतात तर खिडकीखाली, ऐन उजेडात, टोपली. टोपलीत नवी सात पिल्लं.

"ऊन त्यांना लागतं. तुम्ही भिंतीकडे बसा," सासूबाई म्हणाल्या. "आणि या वेळी पिल्लं मोठी कशी होतात ते नीट बघा. पीस फुटलं की सलूनमध्ये जाऊ नका, मला हाक मारा."

टिकटिकराव मुकाट्याने भिंतीकडे बसले. पिल्लं टोपलीबाहेर येऊन टेबलाखाली हिंडायला लागली. त्यांनी पहिलं घड्याळ उघडलं, त्यातला बारीकसा स्क्रू निसटून खाली पडला, आणि सगळ्यांत खादाड पिल्लाने तो टिपला.

संध्याकाळी गिऱ्हाईक घड्याळ न्यायला आलं, तेव्हा टिकटिकराव डोळ्याला भिंग लावून टोपलीत पिल्लांखाली अंथरलेला कागद तपासत होते.

"बसा जरा," ते मान वर न करता म्हणाले. "तुमचा स्क्रू अजून यायचाय."