लिनबाई काय म्हणाल्या होत्या

आमच्या शेजारच्या लिनबाई भर जुलैत लोकरीचे हातमोजे घालून किराणा आणायला जातात. आमच्या या अमेरिकी गावात, नोव्हायला, जुलैत उन्हाने डांबर मऊ होतं, माणसं हाफ पँटीवर फिरतात, आणि या सत्तरीच्या चिनी बाई बिनबाह्यांचा ब्लाउज आणि राखाडी हातमोजे अशा थाटात दुकानात उभ्या असतात. फ्रोझन मटारच्या कपाटाला त्या हात लावत नाहीत. शेजारून जाणाऱ्या कुणालाही थांबवतात आणि "दोन पाकिटं" एवढंच म्हणतात. त्या आवाजात असं काहीतरी आहे की सहा फुटी माणसंही निमूट वाकून मटार काढून देतात.

"हात गार, काम बेकार," असं त्या सांगतात. म्हणजे त्यांच्या तुटक इंग्रजीत सांगतात, मराठी माझं. त्यांचं काम म्हणजे बाळंतिणींच्या छातीचं मालिश. चीनमध्ये एका इस्पितळात त्यांच्याकडच्या जुन्या वैद्यकाप्रमाणे त्यांनी तीस वर्षं हेच केलं. दूध दाटलं, गाठी झाल्या, बाळाने तोंड लावलं की आईच्या डोळ्यांत पाणी येतंय, असं झालं की मुली लिनबाईंकडे जायच्या. आधी चिनी मुली, मग कोरियन, मग आपल्या.

मी निवृत्त इंजिनियर. उभा जन्म गाड्यांच्या इंधनाच्या नळ्यांत गेला. लिनबाईंच्या दारातला बर्फ मी काढायचो, कारण फावडं म्हणजे पुन्हा गार. त्या बदल्यात माझा दुखरा खांदा त्या कोपराने असा दाबायच्या की मला सात पिढ्यांचे पूर्वज दिसायचे.

रोज सकाळी त्यांचा रियाज चाले. ओट्यावर पिकलेला टोमॅटो ठेवायचा आणि अंगठा देठाकडून टोकाकडे दाबत न्यायचा. आतला गर हलला पाहिजे, सालीला चीर पडता कामा नये. एकदा मी हट्टाने करून पाहिलं. टोमॅटो माझ्या शर्टावर आला.

"इंजिनियर," फडकं पुढे करत लिनबाई म्हणाल्या, "तुझ्या बायकोने कसे दिवस काढले?"

शैलाला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. तिचा विषय निघाला की लोक आवाज खाली आणायचे. या बाईंनी आणला नाही. त्या दिवसापासून मला त्या आवडू लागल्या.

हे सगळं सांगतोय, कारण या बाईंबद्दल आपल्या लोकांत गेली तीन वर्षं एक गोष्ट फिरते आहे आणि ती खोटी आहे. ती खोटी आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

माझी मुलगी मुक्ता बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. जावयाला दोन आठवड्यांनी नोकरीसाठी टेक्ससला परतावं लागलं. आई नव्हती, तेव्हा बाळंतिणीचं सगळं मीच करीन असं मी जाहीर केलं. व्हिडिओ बघून डिंकाचे लाडू केले. पहिली खेप मागच्या अंगणात टाकली, ती खारींनीही तशीच ठेवली.

तिसऱ्या आठवड्यात मुक्ताचं दूध दाटलं. "दगड झालेत, बाबा. आय कान्ट," म्हणाली आणि बाळाला माझ्या हातात देऊन भिंतीकडे तोंड करून बसली. मी शेजारी जाऊन लिनबाईंना घेऊन आलो.

त्यांच्या हातात भांडं होतं. डुकराच्या पायाचं आणि शेंगदाण्यांचं सूप, दूध वाढावं म्हणून. आम्ही खात नाही, असं मी सांगितल्यावर त्या भांडं घेऊन गेल्या आणि दहा मिनिटांनी तेच घेऊन परत आल्या. "डुक्कर काढलं," म्हणाल्या. "आता खा. आणि तू बाहेर."

मी दाराबाहेरून माझं शास्त्र मांडलं. नळी तुंबली की मागून दाब वाढवायचा.

"आगगाडीचं दार बंद आहे आणि मागून ढकललं, तर काय होतं?" आतून आवाज आला.

"लोक चेंगरतात."

"मग आधी दार उघडायचं. आता गप्प."

तीन दिवस त्या आल्या. मालिश खांद्यापासून सुरू व्हायचं, मग करंगळीच्या टोकाशी कुठेतरी दाबायचं, आणि छातीला हात लावायचा तो सर्वांत शेवटी, सायीला लावावा तसा. तिसऱ्या दिवशी बाळ, म्हणजे आमची इरा, पोटभर प्यायली आणि मायलेकी सलग चार तास झोपल्या. मी घड्याळ लावून बसलो होतो.

चौथ्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, मुक्ताला थंडी वाजून ताप भरला. लिनबाई आल्या, एका बाजूला नुसता हात ठेवला आणि लगेच काढला. त्या दिवशी मालिश केलंच नाही. पांघरूण सारखं केलं, मुक्ताकडे बघून हसल्या आणि बाहेर आल्या. त्यांच्याकडे रीत अशी, की वाईट बातमी आजाऱ्याला सांगायची नाही, घरातल्या वडीलधाऱ्याला सांगायची. चपलांच्या कपाटाशी त्यांनी माझी बाही धरली.

"आज हात नाही. डॉक्टर. उद्या नाही, आज."

मी हो म्हटलं.

आत गेलो तर मुक्ताने विचारलं, "काय म्हणाल्या?"

मी म्हणालो, "आज दमल्यात. सोमवारी येतील."

का म्हणालो? बाहेर बर्फ पडत होता, हे एक कारण मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. पण बर्फात गाडी मी चाळीस वर्षं चालवतोय. खरं कारण असं, की शैला इस्पितळात दोन दिवसांसाठी म्हणून गेली होती. त्या दारातून मुलीला आत न्यायचं माझ्याने होईना. मी तिला तापाची गोळी दिली, गरम पाण्याची पिशवी दिली आणि जुनाच उपाय सांगितला, की आपणच जरा जोर लावून दाब. तिने दाबलं. रडत दाबलं.

रविवारी इस्पितळात नेलं तेव्हा गळू झालं होतं. सुई घालून पू काढावा लागला. तिथल्या डॉक्टरने विचारलं, "कुणी मालिश केलं होतं का?"

"हो," मुक्ता म्हणाली. "शेजारच्या लेडीने."

जोरात दाबल्याने असं होऊ शकतं, डॉक्टर म्हणाली. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत इराला मांडीवर घेऊन बसलो होतो. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी इराचं टोपडं सारखं केलं.

बरी झाल्यावर मुक्ताने आपल्या मुलींच्या ग्रुपवर लिहिलं, त्या बाईंकडे जाऊ नका. वाईट हेतू नव्हता. तिला वाटलं, दुसऱ्या कुणाला असं व्हायला नको. पण महिन्याभरात लिनबाईंच्या दारात गाडी थांबेनाशी झाली. आपल्या मुली गेल्या, मग कोरियन, मग चिनीसुद्धा. लिनबाई कुणाकडे काही बोलल्या नाहीत. मी त्यांच्या दारातला बर्फ पूर्वीपेक्षा जास्त मन लावून काढू लागलो. भित्र्या माणसाचं प्रायश्चित्त असंच असतं.

मुक्ता आता ॲन आर्बरला राहते. गेल्या महिन्यात ती माझ्याकडे आली असताना तिच्या एका मैत्रिणीचा फोन आला. नवी बाळंतीण, गाठींनी हैराण. मुक्ता तिला म्हणाली, "हे बघ, काहीही कर, पण आमच्या नेबरकडे जाऊ नकोस." मी चहा गाळत होतो. गाळणं खाली ठेवलं आणि तसाच शेजारी गेलो.

लिनबाईंना उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या.

"मला माहीत आहे," म्हणाल्या. "शनिवारी तुझी गाडी जागेवरच होती. वर बर्फ तसाच. मी दोनदा बेल वाजवली. तू दार उघडलं नाहीस."

तेही खरं आहे. बेल मी ऐकली होती.

"मग नंतर का नाही बोललात? मुक्ताला सांगायचं होतंत, बापाने निरोप दिला नाही म्हणून."

"बाळंतीण चिडली की दूध अडतं," त्या म्हणाल्या. हे त्यांच्या शास्त्रात पहिल्या पानावर असावं, इतक्या सहज. "परक्यावरचा राग आठवड्यात जातो. बापावरचा छातीत बसतो. आणि तिला आई नाही. तुझं घर सोडून गेली असती, तर तिला कोण खायला घालणार होतं? लाडू वाईट होते, पण घालत तर होतास."

मी म्हणालो, "पण इराचं दूध सुटून दोन वर्षं होतील आता."

"हो," लिनबाई म्हणाल्या. "दोन वर्षं मी वाट बघतेय. जा, सांग."

मी जाऊन सांगितलं. चपलांच्या कपाटापासून बेलपर्यंत, काही न वगळता. मुक्ताने सगळं ऐकून घेतलं, इराला उचललं आणि थेट शेजारी गेली. दीड तास तिकडेच होती. परत आली ती माझ्या घरात शिरलीच नाही. इराला गाडीत बसवून निघून गेली.

मी त्याच दिवशी ग्रुपवर टाकायला हे सगळं चार ओळींत लिहून तिला पाठवलं. तिने ते टाकलं, मला मात्र उत्तर दिलं नाही. चार ओळींनी तीन वर्षं पुसली जात नाहीत, हे मलाही कळतं. म्हणून हे सविस्तर लिहिलं आहे, आणि जिथे जिथे छापतील तिथे पाठवणार आहे.

काल मुक्ताचा फोन आला. राग गेलेला नाही. "मी अजून चिडलेय, बाबा, तुला माहितीये ना?" अशीच सुरुवात केली.

"त्यांची ती मागची, मालिशची रूम आहे ना," ती म्हणाली, "तिथे त्या अजून रोज सकाळी हीटर लावतात. टॉवेल गरम करून, घड्या घालून ठेवतात. पाळणासुद्धा आहे. मी विचारलं, कोण येतं?"

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, अजून कोणी नाही."