रखमाजी मापाड्याचे सात किलो

रखमाजीनं ठरवलं होतं ते एवढंच, की विमानात न्यायचं सामान दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्यायचं नाही, आपलं आपण मोजायचं. आता ह्यात वाईट काय सांगा? तीर्थपुरीच्या आडत बाजारात तीस वर्षं मापाडी म्हणून काढलेला माणूस. तूर म्हणा, सोयाबीन म्हणा, सरकी म्हणा, सगळं ह्याच्या काट्यावरून गेलेलं. पुढं पुढं तर काटा नुसता नावाला असायचा. पोतं हातानं हलवून रखमाजी आकडा सांगायचा आणि काटा बिचारा तोच आकडा दाखवायचा. आडतदार अण्णासाहेबाच्या जावयाला वरातीत खांद्यावर घेऊन नाचला आणि खाली ठेवताना म्हणाला, "बहात्तर. बुटासकट." (जावयानं दुसऱ्या दिवशी जाऊन खरंच वजन केलं. एकाहत्तर भरलं. रखमाजी म्हणाला, बूट काढले असतील.)

तर अशा माणसाच्या लेकीला, प्रियदर्शनीला, बंगळुरात मुलगा झाला. बारसं तिथंच ठरलं. जावयानं मोबाईलवर विमानाची दोन तिकिटं पाठवली आणि खाली एक ओळ लिहिली: 'सोबत फक्त केबिन बॅग, प्रत्येकी सात किलो.'

रखमाजी तो मोबाईल घेऊन तडक साजिदकडं गेला. साजिदचं स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान. सातबारा, आधार, रेल्वेचं रिझर्वेशन, सगळी कामं तिथं व्हायची, म्हणून विमानातलंही त्याला कळत असणार असा गावाचा समज होता. साजिदचाही तोच समज होता. विमान म्हणाल तर त्यानं फार जवळून कॅलेंडरावर पाहिलं होतं.

"मामा, हे सस्तावालं तिकीट हाये," साजिद चष्मा वर करत म्हणाला. "मोठी बॅग विमानाच्या पोटात टाकायची सोय ह्याच्यात न्हाई. फकस्त हातातली. सात किलो."

"माल सात किलो, का बारदान्यासकट सात किलो?"

"बारदाना?"

"आरं, पोत्याचं वजन! आडतीत पोत्याचं वजन वजा करतेत आन् मंग मालाचं धरतेत. तसं इथं बॅगचं वजन वजा करून सात. बराबर?"

साजिदनं थोडा विचार केला. बोलण्यात खोट कुठं दिसत नव्हती. "बिलकुल बराबर, मामा," तो म्हणाला. आणि दोन अडाणी माणसांचं एकमत झालं की ते ज्ञानच होतं, त्यामुळं रखमाजी खुशीत घरी आला.

घरी पुष्पाबाईनं ओसरीत बाजार मांडला होता. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, अळीव, खारका, खोबऱ्याच्या वाट्या, घरच्या तुपाची बरणी, बाळाची झबली. आणि सगळ्यांच्या मधोमध, पाटावर, गोधडी.

ह्या गोधडीची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यापायीच झाला. ही गोधडी रखमाजीच्या आजीनं शिवलेली. घरातलं प्रत्येक लेकरू बारशाच्या दिवशी पाळण्यात हिच्यावरच निजायचं. आणि दर बारशाला घरातल्या म्हातारीच्या लुगड्याचा एक नवा पदर तिला चढायचा. रखमाजी हिच्यावर निजला, त्याच्या बहिणी निजल्या, प्रियदर्शनी निजली. आता नातवासाठी पुष्पाबाईनं सासूच्या हिरव्या लुगड्याचा पदर चढवला होता, डोळ्यांत पाणी आणून, एकेक टाका घालत. अशी ती पिढ्यान् पिढ्या जाड होत गेलेली गोधडी.

रखमाजीनं ती हातावर तोलली. "पावणेदोन."

"असू द्या. दुसरं काय बी ऱ्हाऊ द्या, पर ही गेली पाह्यजे," पुष्पाबाई म्हणाली. "ही न्हाई तर मी बी न्हाई. पोरगं उघड्या पाळण्यात निजवू का मी?"

रखमाजीनं प्रियदर्शनीची कॉलेजातली चाकांची बॅग माळ्यावरून काढली, बारदाना वजा धरून सात किलो बराबर भरली, आणि तंबाखू मळत बसला. तेवढ्यात साजिद पळत आला.

"मामा! बारदाना धरतेत!"

"कोण म्हणतंय?"

"मी कस्टमर केअरला फोन लावला. पाऊण घंटा गाणं ऐकवलं त्यांनी, मंग एक बाई बोलली. बॅगसकट सात!"

रखमाजीनं रिकामी बॅग उचलली. तीन किलो. म्हणजे सातातले तीन किलो नुसतं चाकं आणि दांडा नेण्यात जाणार. "आसा कसा कायदा?" तो खवळला. "माल मोजायचा का पोतं मोजायचं? आमच्या बाजारात आसं केलं आसतं तर शेतकऱ्यांनी गेटला कुलूप लावलं आसतं!" मग त्यालाच युक्ती सुचली. "मंग हलका बारदाना घेऊ. युरियाचं पोतं. शंभर ग्राम बी भरत न्हाई."

"लेकीच्या सासरी युरियाचं पोतं घेऊन जाऊ?" पुष्पाबाईचा आवाज पार गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "इहीणबाई काय म्हणंल? बारशाला आली का फवारणीला आली?"

शेवटी भिवा टेलरकडून कापडाच्या दोन पिशव्या शिवून आणल्या. मग साजिदनं बरणीकडं बोट दाखवलं.

"तूप न्हाई चालत, मामा. पातळ वस्तू शंभर मिलीच्या वर न्यायची न्हाई."

"पातळ कुठंय? थिजलेलं हाये." थंडीचे दिवस होते, बरणी उलटी केली तरी तूप हलेना. रखमाजीनं उलटी करून दाखवली.

"पर विमानात इतळलं तर?"

"मंग न्हेताना घट्ट आन् उतरताना पातळ. कोणता कायदा लावतेत?"

साजिदनं मोबाईल काढून पाहिलं, डोकं खाजवलं, पुन्हा पाहिलं. थिजलेल्या तुपाबद्दल तिथं काहीच लिहिलेलं नव्हतं. दोघं मिळून अर्धा घंटा त्या बरणीकडं बघत बसले. पुष्पाबाईनं मात्र बरणी उचलली, चुलीवर ठेवली आणि सगळं तूप लाडवांत घालून मोकळी झाली. "आता हे तूप हाये का लाडू?" तिनं विचारलं.

"अजून एक, मामा," साजिद जाता जाता म्हणाला, "अंगावरचं मोजत न्हाईत."

साजिदनं हे बोलायला नको होतं. निघायच्या दिवशी रखमाजीनं दोन शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर जावयाच्या मानपानातला कोट असा अवतार केला. कोटाच्या खिशांत खारका, आतल्या खिशात डिंक, पाठीमागं कमरेला खोबऱ्याच्या वाट्या. हात खाली सोडले तरी खाली येत नव्हते. तशाच अवस्थेत त्यानं आढ्याला टांगलेल्या आपल्या जुन्या हुकाच्या काट्याला दोन्ही पिशव्या एकेक करून लावल्या.

हा काटा म्हणजे रखमाजीचा जीव. पितळी तोंडाचा, लोखंडी अंगाचा. बाजारात बटनाचे काटे आले आणि हा काटा रिटायर झाला, त्याच साली रखमाजीही झाला. पुष्पाबाईची लाडवांची पिशवी, सात. त्याची गोधडीची पिशवी, सात. एक ग्रामही हलेना. "बघून घे," तो बायकोला म्हणाला. "इमानवाल्यायचा बाप आला तरी आकडा बदलायचा न्हाई."

आणि परक्या काट्यावर भरवसा ठेवायचा नाही हा धंद्याचा पहिला धडा, म्हणून त्यानं काटा आढ्यावरून उतरवला, टॉवेलात गुंडाळला आणि आपल्या पिशवीच्या तळाशी घातला. गरज पडली तर असावा जवळ.

गावातल्या धर्मराजनं आपल्या जीपमधून त्यांना चिकलठाण्याच्या विमानतळावर सोडलं आणि तो बाहेर चहा प्यायला थांबला. आत काउंटरवर एक मराठी बोलणारी पोरगी होती. पुष्पाबाईची पिशवी काट्यावर ठेवली. सात किलो.

रखमाजीनं मागच्या रांगेकडं वळून पाहिलं. "तीस वर्षं मापाडी होतो," त्यानं कुणी न विचारता सांगितलं. मग ऐटीत आपली पिशवी ठेवली.

"आठ किलो सातशे," पोरगी म्हणाली.

"किती?"

"आठ सातशे. एक किलो सातशे ग्रॅम जास्त आहे, काका. काहीतरी काढावं लागेल, नाहीतर जादा पैसे भरा."

प्रश्न पैशांचा नव्हता. (थोडा होता.) पण तीस वर्षांत रखमाजीचा आकडा कुणी खोटा म्हटला नव्हता. त्यानं पिशवी उचलून पुन्हा ठेवली. आठ सातशे. दुसऱ्या बाजूनं ठेवली. आठ सातशे. कोटातून एक खारीक खाली पडली आणि घरंगळत रांगेत गेली.

"ओ," पुष्पाबाई हलक्या आवाजात म्हणाली, "पावणेदोन म्हणजे... गोधडी."

पिशवीत तेवढ्या वजनाची तीच एक वस्तू. पुष्पाबाईनं चेन उघडली, वरच असलेली गोधडी छातीशी धरली आणि तिचे डोळे भरून आले. "तुम्ही मोजलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणले सात, मी डोळे मिटून ऐकलं. मला म्हणले आसते तर एक लुगडं काढलं आसतं, लाडू कमी केले आसते, पर ही न्हाई मागं ठेवली आसती. आता काय सांगू मी पोरीला?"

आयुष्यभर लोकांनी त्याच्या शब्दावर माल दिला, आणि सख्खी बायको भर विमानतळावर आपल्या शब्दापायी रडते! हे त्याला सहन झालं नाही. मग तो पेटला.

"बाई, तुमचा काटा खोटा हाये!"

"काका, आत्ता काकूंची पिशवी बरोबर भरली ना?"

"तवा बराबर होता. दोन मिनटात बिघडला आसंल. बटनाच्या काट्याचा काय भरवसा? थांबा. माझा काटा आणलाय म्या. दूध का दूध, पानी का पानी होऊन जाऊ द्या!"

आणि त्यानं पिशवीत कोपरापर्यंत हात घातला, तळातून टॉवेलाची गुंडाळी ओढून काढली आणि काटा असा उगारला की मागच्या रांगेतले चार लोक दोन पावलं मागं सरले. पुष्पाबाईच्या हातातली गोधडी घेऊन त्यानं पिशवीत परत कोंबली, चेन लावली, हुकात पिशवीचे बंद अडकवले आणि सगळ्यांच्या देखत पिशवी उचलली. पितळी तोंडावरचा काटा थरथरला आणि थांबला.

"सात!" रखमाजी गरजला. "बघा डोळे उघडून! सात! ह्या काट्यावर अख्ख्या घनसावंगी तालुक्याची तूर गेली हाये!"

रांगेतल्या एकानं वाकून पाहिलं. "खरंच सात आहेत हो," तो म्हणाला. दुसरा म्हणाला, ही कंपन्यांची लूट आहे. कुणीतरी मोबाईलवर शूटिंग सुरू केलं. पुष्पाबाईनं डोळे पुसले आणि अभिमानानं नवऱ्याकडं पाहिलं. लग्नानंतर असं तिनं फार वेळा पाहिलं नव्हतं.

पोरगी शांत होती. "काका, तीच पिशवी आता परत इथं ठेवा बरं."

रखमाजीनं पिशवी हुकातून सोडवली आणि ठेवली.

सात किलो.

"आता सुधरला तुमचा काटा!" रखमाजी म्हणाला.

पोरगीनं त्याच्या हातातला काटा घेतला आणि पिशवीवर अलगद ठेवला.

आठ किलो सातशे.

रखमाजी आकड्याकडं बघत राहिला. मग काट्याकडं. मग पुन्हा आकड्याकडं. तीस वर्षांत त्यानं तूर मोजली, सरकी मोजली, अण्णासाहेबाचा जावई मोजला. काटा किती भरतो हे मोजायची वेळ कधी आलीच नव्हती. आणि काटा स्वतःला कसा मोजणार?

"तुमचा काटा एकदम बरोबर आहे, काका," पोरगी हसू दाबत म्हणाली. "फक्त तो आत ठेवायचा नाही."

"खिशात घालतो," रखमाजी पुटपुटला. "अंगावरचं मोजत न्हाईत ना?"

"त्याला हूक आहे. पुढं तपासणीत अडवतील."

मग फोन करून धर्मराजला दाराशी बोलावलं. त्यानं दारातूनच काटा घेतला, सगळी हकीकत विचारून घेतली, आणि विमान उडायच्या आत ती फोनवरून तीर्थपुरीला पोहोचवली. साजिदनं म्हणे दुकानातल्या गिऱ्हाइकांना दोनदा सांगितली.

विमानात शेजारच्या सीटवरच्या गृहस्थानं विचारलं, "आपण काय करता?"

"शेती," रखमाजी म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहू लागला. खिडकीचं झाकण बंद होतं. पुष्पाबाई पदर तोंडाला लावून बंगळूर येईपर्यंत हसत होती.

बारसं झकास झालं. हिरव्या पदराची गोधडी पाळण्यात अंथरली, नातू तिच्यावर डोळे मिटून निजला, आणि प्रियदर्शनीनं गोधडीवरून हात फिरवत आईच्या गळ्यात पडून रडून घेतलं. मग सगळ्या पाहुण्यांसमोर जावयानं बाळाला दुपट्यात गुंडाळून सासऱ्याच्या हातावर ठेवलं. "बाबा, प्रिया नेहमी सांगते. हातानं सांगा बरं, किती भरतंय?"

सगळे पुढं सरकले. रखमाजीनं बाळ तोललं. हाताला आपसूक सवय आठवली, छाती फुगली, आकडा ओठांवर आला.

"थांबा, जावईबापू," पाळण्यापाशी बसलेली पुष्पाबाई म्हणाली. "आधी दुपट्यात हात घालून बघा. काटा तर न्हाई ना ठेवला ह्यांनी."