मान वर न करणारा

फिरमिनच्या शेडमध्ये दोन नव्या सायकली उभ्या होत्या आणि संध्याकाळपर्यंत त्यातली एक दुकानात परत जायची होती. एकीचं हँडल उंच, टायर जाड. तिच्यावर माणूस ऐसपैस बसायचा. दुसरी शर्यतीची. तिच्यावर बसायचं म्हणजे पाया पडल्यासारखं वाकायचं.

“एकसष्टचा झालास. उंचवालीच घे,” बायको मारियेत जत्रेला निघता निघता म्हणाली.

“आणि रविवारी मागच्या गटात जाऊ?”

सायकल क्लबचा अध्यक्ष ओडिल त्याला तसं सुनावूनच गेला होता. पुढच्या गटाला तुझ्यासाठी थांबावं लागतं म्हणे. ते फिरमिनच्या जिव्हारी लागलं होतं. त्याने शर्यतीचीच सायकल काढली आणि शेतामागच्या दगडी रस्त्याला लागला.

रस्ता संपेपर्यंत त्याची कंबर धरली, मग मानही. आता थांबावं तर पाय टेकायचा कसा? पुढचं चाक तेवढं दिसत होतं. गावात जत्रेची शर्यत चालू होती आणि गल्लीच्या तोंडाशी रस्ता अडवणारा झेंडेवाला नेमका बिअर आणायला गेला होता. बघता बघता चाकाखाली डांबर आलं, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे आले.

लाउडस्पीकरवर ओडिलच होता. “एक जण सगळ्यांना सोडून पुढं आलाय. नंबर दिसत नाही... अरे, हा मानसुद्धा वर करत नाही.”

लोक थक्क झाले. “काय पोरगा आहे,” कोणी म्हणालं. “मागं वळूनसुद्धा बघत नाही.” म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. फिरमिनच्या अंगावर काटा आला. उभ्या आयुष्यात त्याचं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं. पायांत कुठून बळ आलं देव जाणे. तो शर्यतीची शेवटची रेषा ओलांडून थेट गवताच्या भाऱ्यांवर जाऊन आडवा झाला. आडवा होऊनही वाकलेलाच राहिला.

ओडिलने उकिडवं बसून त्याचं तोंड पाहिलं.

“फिरमिन? तू?” मग हळूच म्हणाला, “रविवारी पुढच्या गटात ये बाबा. तुझ्या चाकामागं आम्ही येऊ.”

एवढ्यात दुकानवाली गोडेलीव्ह धावत आली. “काय अवस्था झालीय ही. मग उंच हँडलचीच ठेवायची ना?”

“शर्यतीची,” फिरमिन तिच्या बुटांना म्हणाला.

सगळ्यांनी मारियेतकडे पाहिलं. टाळ्या वाजवून तिचे तळवे लाल झाले होते, आणि आपण कुणासाठी वाजवतोय हे तिला आत्ता कळत होतं.

“घेऊ दे त्याला,” ती म्हणाली. “जेवायचं टेबल तेवढं खाली घेऊ.”