नामदेवकाकांचं मत

अमरावतीत बास्केटबॉलचा सामना असला की मैदानाभोवती जमलेली सगळी माणसं एकदम उजवीकडं माना वळवायची आणि एकदम डावीकडं. त्यात एक मान मात्र भलतीकडंच असायची. चेंडू या टोकाला, बास्केट या टोकाला, आरडाओरडा या टोकाला, आणि आमचे शेजारी नामदेवकाका तायडे दुसऱ्या टोकाला रिकाम्या हातानं उभ्या असलेल्या कोण्यातरी खेळाडूकडं टक लावून बघत बसलेले. नव्या माणसाला वाटे, यांना दिसत नसावं. बडनेऱ्याहून आलेल्या एका पाहुण्यानं तर एकदा त्यांचे खांदे धरून आपुलकीनं त्यांना चेंडूच्या दिशेला वळवून दिलं होतं.

"चेंडूकडं काय पाहाचं?" काका त्याला म्हणाले. "चेंडू तर आंधळ्यालेही दिसते."

काका भूमापन कचेरीत मोजणीदार होते. महिन्यातले पंधरा दिवस नांदगाव खंडेश्वर नाहीतर अंजनगावकडं साखळी घेऊन लोकांचे बांध मोजत हिंडायचे. दोन भावांत हातभर जमिनीवरून कुऱ्हाडी निघालेल्या असायच्या, आणि काका मध्ये उभे राहून शांतपणे म्हणायचे, "भांडा बाप्पा, पण मोजून पाह्यलं का?" हेच वाक्य ते घरीदारी सगळीकडं वापरत. वांगी महाग झाली, जावई वाईट निघाला, देशाचं वाटोळं झालं, असं कुणी काहीही म्हणो, काकांचा सवाल एकच. मोजून पाह्यलं का?

खेळातही ते मोजायचे. सदऱ्याच्या उजव्या खिशात चिंचोके भरलेले असत. चेंडू हातात नसताना एखाद्यानं काही कामाचं केलं, म्हणजे आपल्या गड्याला वाट करून दिली, समोरच्याची वाट अडवली, मागं पळत जाऊन मोकळी जागा बुजवली, की एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात, त्याच्या नावाच्या पुडीत. बास्केट टाकणाऱ्याला चिंचोका नाही. "त्याले टाळ्या भेटल्या ना," काका म्हणत. एका वर्षी चिंचोके मिळाले नाहीत म्हणून त्यांनी भुईमुगाचे दाणे घेतले, आणि मध्यंतरापर्यंत सगळा पुरावा खाऊन टाकला. त्या दिवशी सर्वांत चांगलं कोण खेळलं असं विचारल्यावर ते फार ओशाळले.

तो प्रश्न मात्र आमच्या गल्लीत रोजचा होता. साठ सालानंतर दर हिवाळ्यात वऱ्हाडातल्या आठ क्लबांचे सामने व्हायचे, रविवारी कधी आमच्याकडं, कधी अकोल्याला. शेवटी विजेत्या संघाला ढाल आणि सर्वांत उत्तम खेळाडूला चांदीचा कप. ढालीचं कुणाला काही पडलेलं नसे. भांडण कपाचं. चौकातल्या हॉटेलात सोमवारपासून शनिवारपर्यंत त्यावर बोलणं चाले. जास्त बास्केट टाकणारा मोठा, की संघाला जिंकवणारा मोठा? हरलेल्या संघातल्या पोराला कप देता येतो का? माणसं चहा थंड करत, आवाज चढवत, आणि काका कोपऱ्यातून एखादं असं नाव काढत की जे कुणाच्या लक्षातही नसायचं.

"तो? त्यानं तर एक बास्केट नाही टाकली."

"म्हणूनच त्याचं नाव घेऊन राहिलो. बाकीच्यायचं तुमी घेताच."

आता आमच्या घराचं सांगतो. आम्ही माळी. गावाबाहेर भाजीची वाडी. वडील गेलेले. मी नगरपालिकेच्या शाळेत मास्तर, आणि माझा धाकटा भाऊ शशी मॅट्रिकला दोनदा आपटलेला, पण बास्केटबॉलमध्ये असा की चेंडू त्याच्या हातून सुटला की लोक बसल्या जागेवरून उठायचे. मायचा सगळा जीव त्याच्यात. आणि शशीचा जीव, कसा कोण जाणे, नामदेवकाकांत. रोज संध्याकाळी तो त्यांच्याकडं जाऊन बसायचा, दोघं जमिनीवर खडूनं मैदान आखून चिंचोके सरकवत वाद घालायचे. कधी तिथंच भाकर खाऊन यायचा.

मायला ते रुचत नसे. काका एकटे होते, सरळ होते, त्यांच्याशी तिचं अंगणातून बोलणंही चांगलं होतं. पण काकांनी छप्पन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती, आणि त्याआधी ते कोण होते हे गल्ली विसरली नव्हती. काका कधी आमच्या पायरीच्या आत आले नाहीत, आणि माय त्यांच्या. कुणी कुणाला ये म्हटलं नाही, येऊ नको असंही म्हटलं नाही. मी शिकलेला माणूस, मला हे दिसत होतं. मीही काही बोललो नव्हतो.

त्या वर्षी शशीनं कहर केला. सगळ्या सामन्यांत त्याच्याइतक्या बास्केट कुणीच टाकल्या नव्हत्या. त्यातच बातमी आली की रेल्वेचे कुणी साहेब शेवटच्या सामन्याला अकोल्याला येणार आहेत, आणि ज्याला कप मिळेल त्याला आठ दिवसांनी भुसावळला चाचणीसाठी बोलावतील. तिथं निवडला गेला तर रेल्वेत नोकरी. मायनं त्या दिवसापासून रेल्वेची शिट्टी ऐकली की हात जोडायला सुरुवात केली.

कप कुणाला द्यायचा हे तीन पंच ठरवायचे. एक निवृत्त हेडमास्तर, एक अकोल्याचे डॉक्टर, आणि एक कसरतीचे शिक्षक. शेवटच्या सामन्याच्या चार दिवस आधी या शिक्षकांना गालफुगी झाली. आता सगळे सामने पाहिलेला, कुठल्याच क्लबचा नसलेला माणूस आणायचा कुठून? कुणीतरी काकांचं नाव सुचवलं.

गल्लीत आनंद झाला. आपला माणूस पंच. शशी तर त्यांच्या घरचाच. मी मात्र धास्तावलो, कारण मला चिंचोके माहीत होते. मायनं माझ्या हातून टोपलीभर मेथी आणि मुळे पाठवले. काकांनी टोपली दारातच थांबवली.

"सामना झाल्यावर आणजा, मास्तर. आता घेतली तर मेथी कडू लागन."

शेवटचा सामना आम्ही एका बास्केटनं हरलो. आमच्या निम्म्याहून जास्त बास्केट शशीच्या होत्या. समोर अकोल्याचा हबीब होता, शिंप्याच्या दुकानात काजं करणारा, शशीच्या खांद्याला लागणारा पोरगा. त्यानं काय केलं हे विचाराल तर मला सांगता आलं नसतं. मी चेंडूकडं बघत होतो.

हेडमास्तरांनी शशीचं नाव दिलं. डॉक्टरांनी हबीबचं. मैदानावर टेबल मांडलेलं, त्यावर कप, आणि सगळी माणसं काकांकडं बघत उभी. काकांनी डाव्या खिशात हात घातला, थोडा वेळ तसाच ठेवला.

"हबीब," ते म्हणाले. "मी मोजून पाह्यलं."

अमरावतीचे लोक काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. अकोल्याचं मीठ खाल्लं, हे त्यातलं सौम्य. काका गर्दीतून वाट काढत माझ्याकडं आले, "मास्तर, मले शशीचं एक सांगाचं हाय," म्हणाले. मी तोंड फिरवलं. परतीच्या गाडीत आमचा डबा खच्चून भरलेला होता, तरी काकांच्या बाकावर दोघांची जागा बडनेऱ्यापर्यंत रिकामी राहिली. शशी खिडकीशी डोळे मिटून बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय अंगण झाडत होती. काका कुंपणापाशी आले. तिनं झाडू थांबवला नाही.

"वयनी, कपाचं मंग बोला. मले शिव्या द्याच्या तर त्याही मंग द्या. पोट्ट्याचा डावा गुडघा पाह्यला का?"

माय झाडतच राहिली.

"चेंडू हातात असला का त्याले काही होत नाही. चेंडू दुसरीकडं गेला का तो लंगडते. काल उडी मारून एकाच पायावर उतरून राहिला होता. सामन्यात सात खेपा पाह्यलं मी."

माझा विश्वास बसला नाही. मी आत गेलो. शशी अजून पांघरुणात होता. मी पांघरूण काढलं तर गुडघा नारळाएवढा सुजलेला, आणि त्यावर त्यानं फडकं घट्ट गुंडाळलेलं. गेले तीन आठवडे तो असाच खेळत होता.

"कोणाले काहून नाही सांगितलं?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर भुसावळले पाठवलं असतं का?"

काकांनी कचेरीत रजेचा अर्ज धाडला, टांगा आणला, आणि आम्ही तिघं सरकारी दवाखान्यात गेलो. मोठे डॉक्टर येईपर्यंत दोन तास बाकावर बसलो. शशीला आत नेल्यावर मी काकांना विचारलंच. "काका, गुडघा दिसला म्हणून तुमी त्याले मत नाही दिलं का? चाचणीले जाऊ नये म्हणून?"

ते एकदम रागावले. "नाही. तसं कोणाले सांगू नका. गुडघा साजरा असता, सुजला नसता, तरी कप हबीबचाच होता. ह्या दोन मोजण्या येगळ्या हायेत, मास्तर." मग दवाखान्याच्या फरशीकडं बघत, "शशी मले काही म्हणे का?"

"नाही."

पाच मिनिटांनी पुन्हा, "गाडीत काही बोलला असन."

"नाही बोलला."

"घरी आल्यावर?"

लोक काय म्हणतात याची ज्यांनी कधी पर्वा केली नाही, त्या माणसाला मी पहिल्यांदा असं विचारताना ऐकलं. आदल्या दिवशी एवढी गर्दी अंगावर आली तेव्हाही त्यांचा आवाज असा झाला नव्हता.

डॉक्टर बाहेर आले. गुडघ्यातली गादी फाटत आली होती. "आठ दिवस आणखी उड्या मारल्या असत्या तर पाय कायमचा आखडला असता," ते म्हणाले. "आता सहा महिने पळायचं नाही. पाय शाबूत राहील." मी भिंतीला टेकलो. काकांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, पुन्हा घातली.

शशी खाटेवर बसला होता. काका दारातच थांबले.

"या ना आत," शशी म्हणाला. "काका, दुसऱ्या भागात हबीबनं मले डाव्या बाजूनं एकदाही जाऊ नाही देल्लं. त्याले माहा पाय समजला होता, नाही का?"

"समजला होता."

"तरी त्यानं धक्का नाही मारला त्या पायाले."

"एकदाही नाही," काका म्हणाले. "त्याचेही चिंचोके टाकले मी."

शशी हसला. मग दोघं शेवटच्या बास्केटवरून भांडायला लागले आणि नर्सनं आम्हाला बाहेर काढलं.

पुढचं सांगून टाकतो. हबीब भुसावळला गेला आणि रेल्वेत लागला. शशीचा पाय बरा झाला. पळायला बंदी असल्यानं त्याला त्या सहा महिन्यांत पुस्तकांशिवाय दुसरं काही उरलं नाही, आणि काकांनी भूमिती अशी मोजून घेतली की तिसऱ्या खेपेला तो मॅट्रिक झाला. कप हबीबला जायला हवा होता की शशीला, यावर चौकातल्या हॉटेलात अजून दोन वर्षं बोलणं झालं. शशी स्वतः हबीबच्या बाजूनं भांडायचा.

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवशीच्या दुपारचं. टांगा गल्लीत थांबला. माय फाटकात उभी होती. मी डॉक्टरांचं बोलणं तिला शब्दाशब्दानं सांगितलं. तिनं शशीच्या पायावरून हात फिरवला, त्याला आत निजवलं, पदर खोचला, आणि बाहेर येऊन काकांच्या घराकडं चालायला लागली. मी मागोमाग गेलो. मला वाटलं, अंगणातून चार शब्द बोलेल.

ती पायरी चढून आत गेली. काका चुलीपाशी उभे होते. तिला आत आलेली बघून ते इतके गडबडले की बसा म्हणायचंही विसरले. माय आपली आपणच भिंतीशी टेकून खाली बसली.

"भाऊजी," ती म्हणाली, "चहा टाका. सकाळपासून पोटात काही नाही."

काकांनी आधण ठेवलं. मायनं खोलीभर नजर फिरवली. कोनाड्यातली बुद्धाची मूर्ती, दोरीवर वाळत घातलेला एक सदरा, जमिनीवर खडूच्या रेघा. "घरी कोण कोण होतं तुमच्या?" तिनं विचारलं.

काकांनी पाठ न वळवता सांगायला सुरुवात केली. बायको होती, चांदूर रेल्वेची. गंगू नाव. मुलगी झाली आणि चार दिवसांनी दोघीही गेल्या, ते तेव्हा अंजनगावला मोजणीवर होते, निरोप पोचायला उशीर झाला. गंगूला आंबाडीची भाजी आवडायची. ती फार भरभर बोलायची, निम्मं कळायचं नाही. ते बोलत राहिले, चहा उकळत राहिला. मी दाराशी उभा होतो. आठ वर्षांत मी या माणसाला सर्वांत चांगला खेळाडू कोण, हे शंभरदा विचारलं होतं. हे एकदाही नाही.

चहा कपात ओतला तेव्हा तो काळाकुट्ट झाला होता. साखर घालायची राहून गेली होती. मायनं पहिला घोट घेतला, काकांकडं बघितलं, आणि म्हणाली, "मंग? मुलीचं नाव काय ठेवाचं ठरवलं होतं?"

त्यांनी सांगितलं. ती तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.